समुद्रकिनारी कॉस्प्लेचे फोटोशूट करताना वेळ कशी निवडावी आणि पोशाख कसा सांभाळावा?

लांब केप, विग आणि फोमचे चिलखत असलेल्या पात्राचे शूट तुम्हाला पहिल्यांदाच समुद्रकिनारी करायचे आहे, आणि त्यासाठी कोणती वेळ योग्य व पोशाख खराब होऊ नये म्हणून काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी स्वतः कॉस्प्ले करते, म्हणजे कथा-चित्रपटांतील पात्रांसारखा वेश करते, आणि इतरांचे फोटोही काढते. माझ्या मते असे शूट आधी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर बेतावे, मग सूर्याचा विचार करावा आणि सगळ्यांची सोय त्यानंतर पाहावी.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. परिणामी मागच्या शनिवारी सकाळी पाहून ठेवलेला वाळूचा मोकळा पट्टा या शनिवारी त्याच वेळी पाण्याखाली असू शकतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरेच वर येते. मला स्वतःला ओहोटी लागल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास सर्वात आवडतात. पाणी मागे हटत असल्याने सामान भिजण्याची धास्ती कमी असते आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर काही क्षण टिकून राहतो. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणला, तर त्या थरात केपची कडा, तलवारीचे पाते आणि आकाश असे सगळे उलटे उमटते. पुढची लाट येण्याआधी तो थर जिरून जातो, म्हणून पोझ आधी ठरवून मगच लाटेची वाट पाहावी.

प्रकाशाच्या बाबतीत किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे निर्णायक ठरते. समुद्र पश्चिमेला असेल, तर सूर्योदयानंतरचा कोवळा प्रकाश जमिनीकडून येतो आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर व चिलखतावर थेट पडतो. त्याच जागी संध्याकाळी सूर्य पाठीमागे जातो. त्या वेळी केवळ आकृती गडद दाखवायची नसेल, तर रिफ्लेक्टर (प्रकाश चेहऱ्याकडे परतवणारा फलक) किंवा फ्लॅश लागतोच. मात्र फ्लॅशच्या स्टँडवर प्रकाश मऊ करणारी छत्री लावू नये, कारण ती शिडासारखी वारा धरते आणि फ्लॅशसकट आडवी होते. त्यापेक्षा एखाद्या मित्राने फ्लॅश हातात धरणे केव्हाही बरे. लख्ख वाळू आणि चमकते पाणी यांमुळे कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते व चेहरा काळवंडतो, म्हणून ऑटो मोडवर एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून पाहावे. उडालेले तुषार गोठवायचे असतील, तर शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावा.

वाऱ्याचा विचार मात्र विगसाठी अगदी वेगळा करावा लागतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि समुद्राकडून वारा वाहू लागतो. तो दुपारी सहसा जोर धरतो, तर पहाटे हवा तुलनेने शांत असते. सिंथेटिक विगचे लांब केस अशा वाऱ्यात थोड्याच वेळात गुंततात, त्यामुळे दोन फोटोंच्या मध्ये ते सैल वेणीत बांधावेत. विंचरताना टोकांपासून सुरुवात करून वर यावे. विग कॅपखाली स्वतःचे केस घट्ट बसवून पिना आडव्या-उभ्या अडकवल्या, की विग मागे सरकत नाही. पात्राने वाऱ्याकडे थोडे तिरके तोंड करून उभे राहिल्यास केस चेहऱ्यावरून आपोआप बाजूला जातात आणि केपही मागे छान फुलते.

फोटोंचा क्रम कोरड्याकडून ओल्याकडे असावा. चेहऱ्याचे जवळचे फोटो आणि संपूर्ण पोशाखाचे फोटो आधी कोरड्या वाळूवर, मग ओल्या वाळूवर आणि पाण्यातले अगदी शेवटी. भिजलेली केप फार जड होते आणि परतणारी लाट ती पायांमागून ओढते, म्हणून पिंडरीपेक्षा खोल पाण्यात केप घालून जाऊच नये. एका व्यक्तीने फोटोकडे मुळीच न पाहता केवळ समुद्राकडे लक्ष ठेवावे, कारण पात्र पाण्याकडे पाठ करून असते आणि छायाचित्रकाराचे सारे लक्ष चौकटीत असते. खडकांवरचा हिरवा-काळा थर अत्यंत निसरडा असतो. फोमच्या तळव्यांचे बूट घालून तिथे चढू नये. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स पाण्यात शिरण्यापूर्वी काढाव्यात, कारण खाऱ्या पाण्यातील जंतू आणि वाळूचे कण लेन्सखाली अडकले, तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. डोळ्यांच्या रंगाचे फोटो त्यामुळे कोरड्या टप्प्यातच उरकून घ्यावेत. खोटी शस्त्रे येता-जाता पिशवीत झाकून न्यावीत आणि शूटिंगला परवानगी लागते का, याची चौकशी आधीच करावी.

कॅमेऱ्याची लेन्स किनाऱ्यावर बदलू नये. तिच्यावर बसलेले खारे तुषार कोरड्या कापडाने घासल्यास चरे पडतात. आधी ब्लोअरने वाळू उडवावी आणि मग किंचित ओलसर मऊ कापडाने हलकेच पुसावे. फोमचे चिलखत उन्हात बंद गाडीत ठेवू नये, कारण आतील उष्णतेने हॉट ग्लूचे (वितळवून लावलेल्या गोंदाचे) जोड सैल पडतात. घरी पोहोचल्यावर विग आणि केप त्याच दिवशी गार गोड्या पाण्यातून काढावी, चिलखत ओल्या फडक्याने पुसावे आणि धातूचे बक्कल धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण मीठ राहिले तर त्यांना लवकर गंज चढतो.