मायक्रोफ्रॅक्चर की पेशीरोपण: टिकणारं कोणतं?

वय 36, गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर कूर्चेला, म्हणजे हाडावरच्या गादीला, 2 चौरस सेंटीमीटरचा खड्डा, आणि डॉक्टरांनी मायक्रोफ्रॅक्चर आणि पेशीरोपण (आपल्याच कूर्चेच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात बसवणं) असे दोन पर्याय दिलेत. टिकणारं कोणतं, असं विचारलंत. माझं मायक्रोफ्रॅक्चर 2010 साली झालं, म्हणून लिहितो.

त्यात हाडाला बारीक भोकं पाडतात, रक्त वर येऊन गोठतं आणि त्यातून नवी गादी तयार होते. पण मूळची गादी काचेसारखी गुळगुळीत, ही तंतुमय, ठिगळच म्हणा ना. पहिली दोन वर्षं मात्र माणूस खूश असतो. दीड वर्षात मी सिंहगड चढलो आणि भेटेल त्याला ऑपरेशनचं कौतुक ऐकवत सुटलो. चौथ्या वर्षी पर्वतीवर परत तीच कळ, चढताना नव्हे, उतरताना. आता त्या पायऱ्या कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली टाकत उतरतो.

मग महागडं पेशीरोपण बरं? नॉर्वेत 80 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, 40-40. पंधरा वर्षांनी पेशीरोपणाची 17 ऑपरेशनं फसलेली, मायक्रोफ्रॅक्चरची 13. म्हणजे फरक नाहीच. उरलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांच्या एक्सरेत झिजेच्या खुणा. अर्थात, ती पेशीरोपणाची जुनी पद्धत होती.

तिसरा पर्याय कुणी सांगितला नाही का? मोझेकप्लास्टी: गुडघ्यातल्याच कमी भाराच्या जागेवरून हाडासकट कूर्चेच्या गुल्ल्या काढून खड्ड्यात ठोकायच्या. लिथुआनियात तरुण खेळाडूंमध्ये दहा वर्षांनी ती 14 टक्के फसली, मायक्रोफ्रॅक्चर 38 टक्के. इंग्लंडमध्ये मात्र मोठ्या खड्ड्यांवर तीच निम्म्याहून जास्त फसली आणि पेशीरोपण 17 टक्केच. खड्ड्याचं माप असं सगळं फिरवतं. तुमच्या मापाला मी मोझेकप्लास्टीबद्दल नक्की विचारलं असतं.

आणि ‘आधी स्वस्तातलं करू, नाही जमलं तर पेशीरोपण आहेच’ हा हिशोब करू नका. एकदा हाडाला भोकं पाडली की नंतरचं पेशीरोपण फसण्याचं प्रमाण तिपटीच्या घरात जातं. हे मला ऑपरेशननंतर कळलं.

उभं राहून पूर्ण पायाचा एक्सरे काढलाय का? पाय धनुकलीसारखा वाकडा असेल तर भार त्याच जागी पडत राहतो, कोणतंही ठिगळ टिकत नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. सहा आठवडे कुबड्यांवर तिसरा मजला. तुमचा मजला कितवा?