कोरोनानंतर कांदा-लसणाची फोडणी कुजकी का वाटते? वास पूर्वीसारखा येईल का?

बहुतेकांना येतो, धीर सोडू नका. विषाणू मुख्यतः वासपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर घाव घालतो आणि मग वासपेशीही कोलमडतात. नव्या उगवतात, पण त्यांची जोडणी नीट बसेपर्यंत मेंदूला चुकीचे निरोप जातात, असं मानलं जातं. २०२१ मध्ये दादरच्या घरी आईने बोंबील तव्यावर टाकले की मी गॅलरीत पळायचे. तिचा पडलेला चेहरा अजून आठवतो. कित्येक आठवडे गार दहीभातावर काढले. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी २० सेकंद हुंगा, अगदी मन लावून, निदान ३ महिने. माझी लवंग सगळ्यात आधी परतली! गॅसचं बटण मात्र दोनदा तपासा, गळती नाकाला कळणार नाही. महिनाभरात फरक नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच.