बर्गनमध्ये एकटीनं एक दिवस, आणि छत्रीचं काय करायचं

प्रश्न : ताई नमस्कार, मी चिपळूणची, वय 54. मुलगा नॉर्वेत ऑस्लोला नोकरीला आहे, जूनमध्ये त्याच्याकडे चाललेय. त्याला सुट्टी नाही म्हणून एक दिवस एकटीच बर्गनला जाऊन यायचं डोक्यात आहे, रात्रीच्या ट्रेनने जायचं आणि दुसऱ्या रात्रीच्या ट्रेनने परत. तो म्हणतो तिथे सारखा पाऊस, तू आपली टूर बुक कर आणि बसमधून बघ. चालायची सवय आहे, गुडघे अजून साथ देतायत, इंग्रजी मोडकंतोडकं. पायी जमेल का?

उत्तर : अहो चिपळूणच्या बाईला पावसाची भीती कसली घालतोय तो! बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो हे खरंय, पण आपल्यासारखा कोसळत नाही, बारीक झिमझिम येते, थांबते, परत येते. फक्त छत्री नेऊ नका, बंदरावरच्या वाऱ्याने माझी छत्री पहिल्या तासातच उलटी झाली आणि मग दिवसभर त्या काड्या हातात घेऊन फिरले. टोपीचा रेनकोट आणि न घसरणारे बूट, बस.

गाव चालायलाच आहे. स्टेशनवर लॉकरमध्ये बॅग टाका, तळ्याच्या कडेने सरळ चालत निघालात की पंधरा मिनिटांत व्होगनवर, म्हणजे शहराच्या पोटात शिरलेल्या बंदरावर पोचता. पाणी एका बाजूला धरून चाललं की हरवायचा प्रश्नच नाही.

तिथल्याच ब्रिगन या जुन्या धक्क्यावरची ती लाल-पिवळी लाकडी घरं तुम्ही फोटोत बघितलीच असतील, 1979 पासून जागतिक वारसा. सगळे समोर उभं राहून फोटो काढतात आणि जातात. तुम्ही आत बोळात शिरा. वाकडी झालेली घरं, डोक्यावर वळचणी एकमेकींना टेकायला आलेल्या, पायाखाली फळ्या, वर माल ओढायच्या कप्प्या. चौदाव्या शतकापासून जर्मन व्यापाऱ्यांची पेढी इथे होती आणि धंदा कशाचा, तर सुक्या मासळीचा! उत्तरेकडून कॉड यायचा, मीठ न लावता नुसता थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांवर वाळवलेला, अगदी आपले बोंबील वलांडीवर वाळतात तसा, आणि त्याच्या बदल्यात धान्य जायचं. आगीच्या भीतीने या घरांत चूलच पेटवायची नाही असा नियम, शेकायला आणि जेवायला मागे वेगळी खोली. तरी 1702 मध्ये सगळं जळालंच, आत्ता दिसतं ते त्यानंतर जुन्याच पद्धतीने बांधलेलं. मला कुठलं म्युझियम बघण्यापेक्षा त्या बोळात पाऊस ऐकत अर्धा तास बसणं आवडलं, पण मी तशीच आहे.

तिथून पुढे पाच-सात मिनिटांवर किल्ला, त्यात 1261 चा राजा होकोनचा दगडी दिवाणखाना. 20 एप्रिल 1944 ला बंदरात दारूगोळा भरलेलं जहाज फुटलं तेव्हा याचं छप्पर गेलं होतं, नंतर दुरुस्त केलं. घाई असेल तर बाहेरून बघून पुढे गेलात तरी चालेल.

दुपारनंतर आभाळ जरा उघडलं की लगेच फ्लॉयेन डोंगर, उद्यावर टाकायला तुमच्याकडे उद्या नाही. 1918 पासून चालणारी रुळावरची गाडी काही मिनिटांत 320 मीटरवर नेते. जाताना गाडी आणि उतरताना पायी, माझं मत हेच, रस्ता वळणावळणाचा आणि झाडीतला आहे, तासभर धरा. पण उतारावर गुडघे बोलायला लागले तर हट्ट करू नका, परतीचंच तिकीट काढा. खाली येता येता जुन्या वस्तीतल्या अरुंद पाखाड्या लागतात, त्यांना तिथे स्माउ म्हणतात, पांढरी लाकडी घरं आणि दाराशी कुंड्या. लोक राहतात तिथे, खिडकीतून आत डोकावून फोटो काढू नका एवढंच.

एकटीची भीती म्हणाल तर जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो, ट्रेनची वेळ होईपर्यंत पाण्याकाठी निवांत बसा. बसची टूर मुलालाच करू दे.

प्रश्न : मी पण बर्गनला आठवडाभर जातोय ताई, मासे खातो पण बजेट टाइट आहे. फिश मार्केटमध्ये जेवू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बघायला जा, एकदा फिश सूप प्या, रोज तिथे जेवलात तर खिसा रिकामा. बाकी सुपरमार्केटमधून ब्रेड-चीज घ्या, नळाचं पाणी बिनधास्त प्या, आणि भूक लागली की स्किलिंग्सबोले मागा, दालचिनीचा गोड पाव, चांगला तळहाताएवढा. फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून ठेवा.