अश्वगंधेची झाडं कमरेएवढी वाढली, पण मुळं बारीक आणि तंतुमय निघाली. पुढच्या वर्षी लागवडीत काय बदल करू?

तुम्ही जुलैच्या पहिल्या पावसावर बी फोकलं, दोनदा युरिया टाकला आणि पाणीही भरपूर दिलं, असं लिहिलंय. कारण तिथेच आहे. लाड केले की हे पीक पाल्यावर जातं. मुळासाठी त्याला जरा उपाशीच ठेवावं लागतं.

माझं रान हलकं, मुरमाड आहे. पाणी साचत नाही, म्हणूनच मी अश्वगंधा घेतो. मूग निघाला की ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी करा. जुलैत मुसळधार पावसात रोपं मरतात आणि जगतात ती नुसती उंच होतात. शेणखत चांगलं कुजलेलं आणि पेरणीआधीच टाका. युरिया बंद.

बी फोकू नका, ओळीत पेरा. ते बारीक असतं, म्हणून वाळूत मिसळा आणि एक-दीड सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. दोन ओळींत 30 सेंटीमीटर अंतर ठेवलं की डवरा, म्हणजे तण काढायचं औजार, चालतो. खरा फरक मात्र विरळणीने पडतो. पेरणीनंतर महिनाभरात दोन रोपांत आठ-दहा सेंटीमीटर ठेवून बाकीची उपटायची. उगवलेलं रोप उपटायला हात धजावत नाही, मजुरीही लागते, पण दाटीत मूळ पोसत नाही. यात काटकसर करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

बियाणं नावाचं घ्या: मध्य प्रदेशातल्या मंदसौरचं जवाहर असगंध-20 किंवा लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेचं पोशिता.

साधारण पाच-सहा महिन्यांनी पानं वाळू लागतात, फळं लालसर होतात. तेव्हा दोन-चार झाडं उपटून मूळ मोडून बघा. कट्‌कन तुटलं आणि आत पांढरं, पिठूळ दिसलं की काढणी धरा. वाकलं आणि दोरे निघाले तर ते तंतुमय. फार उशीर केला तरी मूळ लाकडासारखं होतं. काढण्याआधी हलकं पाणी द्या, म्हणजे टोकं जमिनीत राहत नाहीत.

सात ते दहा सेंटीमीटरचे तुकडे करून चांगले वाळवा. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत न्यायचं असेल तर जाड आणि बारीक माल घरीच वेगळ्या पोत्यांत भरा. मिसळला तर सगळ्याला बारकाचाच भाव लागतो.