लातूरहून देवबागला जाऊन त्सुनामी आयलंडवर तंबूत मुक्काम करता येतो का? घरात कुणालाच पोहता येत नाही.

नाही, तिथं मुक्काम करता येत नाही. आयलंड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नारळाची झाडं आली असतील. ती मालवणजवळ, कर्ली नदीच्या मुखाशी असलेली वाळूची दांडी आहे. ओहोटीला उघडी पडते, भरतीला तिच्यावर पाणी चढतं. लोक बोटीनं जातात, घोटाभर पाण्यात उभं राहून चहा पितात, बनाना राइड नाहीतर जेट स्की करतात आणि परत येतात. तंबू लावायचा तर देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यालगत एखाद्या होमस्टेच्या आवारात किंवा सुरूच्या झाडांखाली, मालकाला विचारून.

पण किनाऱ्यावर नेमका कुठं, यावरून माझं आणि माझ्या साडूंचं वाजलेलं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार.

साडू पुण्याचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून त्यांच्याजवळ एकच विनोद आहे. लग्न असो, बारसं असो, "काय लातूरकर, आज गाडी वेळेवर आली का?" पाहुणा माणूस, म्हणून आपण हसतो. देवबागला दोन्ही कुटुंबं एकत्र गेलो, सोबत माझी आई. सोलापूर, कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट असा रस्ता धरला. वाटेत एकादशी होती, आईनं कोल्हापुरात केळी आणि शेंगदाण्याच्या लाडवावर दिवस काढला. दुसऱ्या दिवशी देवबागला पोचल्यावर तिचा उपास सुटला.

संध्याकाळी तंबू काढले. साडूंना व्ह्यू पाहिजे होता. खाली ओली, सपाट, गुळगुळीत वाळू होती, तिथंच ते खुंट्या ठोकायला लागले. मी वर बोट दाखवलं. किनाऱ्यावर एक वेडीवाकडी रेघ असते बघा, वाळकं शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, थर्माकोलचे तुकडे, कुणाची तरी एकटी चप्पल. मागच्या भरतीनं हा कचरा जिथवर आणून टाकला, तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. तंबू त्या रेघेच्या चांगला वर पाहिजे. शिवाय पौर्णिमा जवळ येत होती, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा वर चढणार. मी म्हणालो, "पाव्हणं, आज द्वादशी आहे. नऊच्या आसपास पाणी इथं येईल."

हे मला कुठून कळतं? माझा धाकटा भाऊ सिंधुदुर्गात झेडपीचा शिक्षक आहे. आमच्याकडची किती पोरं डीएड करून कोकणातल्या शाळांवर गेली आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत बसली, हे लातूरकराला सांगायला नको. त्याला तिथल्या माणसांनी शिकवलेला हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कृष्ण पक्षातही तिथी पुन्हा एकपासून मोजायची. दिवसात दोन भरत्या, म्हणून सकाळी आणि रात्री दोन्हीकडं हाच आकडा. एकादश्या करणाऱ्या घराला एवढं गणित जड नाही.

साडू खो खो हसले. "रेल्वेनं पाणी पिणारे आम्हाला समुद्र शिकवणार!" सगळ्यांसमोर, माझ्या लेकरांसमोर. मी गप्प माझे तंबू वर सुरूखाली लावले. खुंट्या वाळूत धरत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून दोऱ्या त्यांना बांधल्या आणि पिशव्या पुरल्या.

आठ वाजून गेल्यावर आम्ही होमस्टेच्या पडवीत सोलकढी पीत होतो. बॅटरी मारून बघितलं तर साडूंचा तंबू एका बाजूनं उचललेला, आत गादी भिजून जडशीळ झालेली, आणि त्यांचे नवे पांढरे बूट एकामागोमाग एक समुद्राकडं निघालेले. आई म्हणाली, "बघत काय बसलालास, धर की ते!" एक बूट मी धरला.

आजही ते पाहुण्यांत सांगतात की अचानक मोठी लाट आली. लाट नव्हती हो, द्वादशी होती.

आता पोहण्याचं. आमच्या पिढीला विहिरीनं शिकवलं. पाठीला वाळका भोपळा नाहीतर प्लास्टिकचा कॅन बांधायचा आणि चुलत्यानं मागून ढकलायचं. नंतर विहिरी आटल्या, शिवारात बोअर झाले. बोअरमध्ये कुणी पोहत नाही. त्यामुळे येत नसेल तर लाजू नका. माझ्या मते समुद्रावर खरा धोका हॉटेलच्या टाकीत शिकलेल्यांचा आहे, ते जॅकेट काढून फोटो काढतात. जॅकेटचे सगळे पट्टे लावा, मग खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. बनाना राइडवाले मजा म्हणून मुद्दाम पाण्यात पाडतात, नको असेल तर बसण्याआधीच सांगा. मालवणच्या स्कुबाला पोहता आलं पाहिजे असं नाही, सोबत माणूस असतो. पण दमा, कानाचं दुखणं, नुसती सर्दी जरी असली तरी पैसे वाचवा. आणि प्रवाळावर पाय देऊ नका, तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

संगमाजवळ मात्र कुणीच उतरायचं नाही, विहिरीत मुटके मारणाऱ्यानं तर मुळीच नाही. विहिरीचं पाणी जागेवर असतं. इथं ओहोटी लागली की नदीही समुद्राकडं ओढते. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. बोटीत माणसं कोंबलेली दिसली तर पुढच्या बोटीनं जा.

राहिलेल्या गोष्टी: २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, उन्हाळी सुट्टीच्या शेवटाला निघू नका. रात्री दव इतकं पडतं की तंबूवर प्लास्टिक लागतं. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, तासभर इकडंतिकडं होतो, मालवणला भरती मुंबईच्या आधी येते. म्हणून लेकरं सोबत असतील तर होमस्टेच्या मालकाला विचाराच. सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलात तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. आमच्या साडूंना तिथं तहान लागली होती. बाटली माझ्याकडं होती.