पट्टा लावला तर कंबर लुळी पडेल का?

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांपैकी निम्म्या तरी विचारतात. परवा लालबागची एक जण आली. दुसरेपण, सातवा महिना, चाळीत तिसऱ्या मजल्यावर घर, नोकरी फोर्टला. करी रोडहून रोज लोकल. पुढे जांघेच्या मधोमध हाडात कळ, मागे डाव्या कुल्ल्याच्या वर खळी असते तिथे ठणका. रात्री कूस बदलताना जीव जातो म्हणाली.

दुखण्याबद्दल ती शांतपणे बोलली. रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीवर. "मॅडम, सलवार घालताना एका पायावर उभी राहिले आणि तोल जाऊन कपाटावर आपटले. मोठ्याला कडेवर घेऊन जिना उतरते मी. पाय लटपटला तर?"

मग पिशवीतून तिने पट्टा काढला. रुंद, आत ताठ पट्ट्या असलेला, मणक्याच्या दुखण्याचा. मेडिकलवाल्याने दिलेला. सासूबाई म्हणाल्या पोट नीट आवळून बांध, म्हणून ही तो थेट छातीखाली करकचून बांधत होती. जळजळ, धाप, आणि दुखणं होतं तिथेच. त्यात शेजारणीने सांगितलं, सवय लागली की कंबर कायमची लुळी पडते.

मी तिला आडवं केलं. दोनच मिनिटं, कारण सातव्या महिन्यात उताणं फार वेळ ठेवत नाही. म्हटलं, गुडघा न वाकवता एकेक पाय वीतभर उचल. उजवा सहज आला. डावा उचलताना तिने श्वास रोखला, चादर मुठीत धरली. "कुणीतरी खाली ओढतंय असं वाटतं." मग मी तिचे दोन्ही खुबे तळहातांनी आत दाबून धरले आणि पुन्हा उचलायला सांगितलं. डावा पाय वर आला. ती माझ्याकडे बघतच राहिली. "काय केलंत?"

पट्ट्याने करायचं ते मी हातांनी केलं होतं. ओटीपोटाभोवती हाडांचं एक कडं असतं. त्यात एक सांधा पुढे, दोन मागे. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४-५ मिमी, गरोदरपणात त्यात २-३ मिमीची भर पडते. हे सैलावणं बाळ बाहेर यावं म्हणूनच असतं आणि पुष्कळ जणींना त्याचा पत्ताही लागत नाही. हिच्यासारख्यांना मात्र एका पायावर भार आला की ते कडं पुरेसं घट्ट धरून ठेवता येत नाही. तोल जातो तो तिथे. हातांनी दाबल्यावर पाय हलका होत नसेल, तर मी पट्ट्यासाठी आग्रह धरत नाही.

मऊ, अरुंद पट्टा घेतला. कमरेच्या पुढे दोन्ही बाजूंना बोटांना हाडाची टोकं लागतात, त्यांच्या लगेच खाली, म्हणजे पोटाच्याही खाली बांधला. बाळावर दाब नाही. आत दोन बोटं जातील इतकाच घट्ट. जास्त आवळून जास्त गुण येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही बायकांना "अजून ओढा" म्हणायचे, आता आठवलं की ओशाळते. चालताना, जिन्यावर, लोकलमध्ये लावायचा, झोपताना काढायचा. चालणं आणि शिकवलेले व्यायाम चालू असले की स्नायू लुळे पडत नाहीत. पट्टा लावून दिवसभर पलंगावर बसलं तर सुस्तावतील, पण ते पट्टा न लावताही होईल.

बाकीचं पटकन सांगितलं. सलवार बसून घालायची. कुशीवर वळताना गुडघे जुळवून, मध्ये उशी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. रिक्षात आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं, लाजू नकोस. रक्त गेलं, ताप आला, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायावर भारच देता येईना, तर माझ्याकडे न येता थेट डॉक्टर गाठायचा.

कडेवर घेणं बंद कर म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली. तीन मजले, दोन वर्षांचं पोर, कोण उचलणार?

पंधरा दिवसांनी आली तेव्हा सासूबाई सोबत होत्या. दुखणं निम्म्यावर आलं होतं, गेलं नव्हतं. नातू आजीच्या कडेवर होता. ही उठायच्या आत आजींनी तो पट्टा हातात घेऊन चाचपला आणि विचारलं, "बाळंत झाल्यावर हाच पोटाला आवळून बांधला तर चालेल ना हो?"