सगळे पॉइंट एकाच क्लस्टरमध्ये का आले?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही खानापूर तालुक्यातली चार-पाच पोरं मिळून गवे आणि रानडुकरांनी भात-ऊस तुडवलेल्या जागांची लोकेशन्स गोळा करायलोय, दोन हंगामांत 600 च्या आसपास पॉइंट झालेत. कुठल्या पट्ट्यात खरंच जास्त नुकसान होतंय ते नकाशावर दाखवून फॉरेस्टवाल्यांकडं जायचंय. मित्र म्हणतोय के-मीन्स लाव, पण त्याला गटांचा आकडा किती द्यायचा तेच कळेना. मी पायथनमध्ये डीबीस्कॅन लावलं तर सगळेच्या सगळे एकाच क्लस्टरमध्ये आले. नक्की कुठला अल्गोरिदम घेऊ सांगा की.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: तुमचा अल्गोरिदम बरोबर आहे, गडबड अंतरात झालीय. डीबीस्कॅन ठरावीक अंतरातले शेजारी पॉइंट एकमेकांना जोडत जाऊन गट, म्हणजे क्लस्टर, करतं. पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत त्याला काही सांगितलं नाही तर ते इप्सिलॉन, म्हणजे शेजारी शोधायचं अंतर, 0.5 धरतं. तुमचे आकडे मोबाईलवरून आलेले, म्हणजे अक्षांश-रेखांशात, त्यामुळं त्यानं अर्धा अंश धरला, आणि आपल्याकडं अर्धा अंश म्हणजे जवळजवळ 55 किलोमीटर! खानापूरपासून बेळगाव शहरसुद्धा त्याच्या निम्म्यावर आहे, मग सगळे एकमेकांचे शेजारी ठरणार नाहीत तर काय होणार.

तर पहिलं काम, पॉइंट मीटरमध्ये आणा. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत आपला भाग झोन 43 उत्तरमध्ये येतो, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोड ईपीएसजी 32643 निवडून लेयर सेव्ह केली की झालं. अंशातच ठेवून इप्सिलॉन बारीक करू नका, कारण आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश साधारण 111 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम एक अंश 107, म्हणजे माप दोन दिशांना वेगळं पडतं. फरक थोडाच आहे, पण जी चूक दोन मिनिटांत टळते ती ठेवायची कशाला.

आता मित्राच्या के-मीन्सबद्दल. ते आपण सांगू तितके मध्यबिंदू धरतं आणि प्रत्येक पॉइंटला कुठल्या ना कुठल्या गटात घालतंच, लांब एकट्या पडलेल्या शेतालाही सोडत नाही, आणि गट साधारण गोल गोल पाडतं. तुमचं नुकसान गोल नसणार. ते जंगलाच्या कडेकडेनं, वाकड्या पट्ट्यात असणार, कारण जनावर कडेनं उतरतंय, पहिली दोन-चार शेतं तुडवतंय आणि माघारी जातंय. असा पट्टा जंगलाला वळसा घालून गेला असेल तर के-मीन्सचा मध्यबिंदू चक्क जंगलात पडेल, जिथं एक गुंठाही पीक नाही. तो नकाशा घेऊन फॉरेस्ट ऑफिसात गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडाल. डीबीस्कॅनचं तसं नाही. 1996 साली ते मांडलं गेलं तेच मुळी अशा वेड्यावाकड्या आकारांसाठी, आणि एकट्या-दुकट्या पॉइंटला ते सरळ नॉइज म्हणून बाजूला काढतं. किती क्लस्टर ते आधी सांगावंही लागत नाही.

पण दोन आकडे तुम्हालाच ठरवायचेत, इप्सिलॉन, आणि दाटी धरायला तेवढ्या अंतरात कमीत कमी किती पॉइंट हवेत. प्रत्येक पॉइंटपासून त्याच्या चौथ्या जवळच्या पॉइंटपर्यंतचं अंतर काढा, लहानापासून मोठ्याकडं लावून ग्राफ काढा, रेघ बराच वेळ सपाट जाऊन एका जागी एकदम वर चढते, तिथलं अंतर घेऊन सुरुवात करा. मग त्याच्या आसपासची, समजा 300, 400, 500 मीटर, अशी तिन्ही चालवून बघा. तिन्हीत टिकून राहणारे पट्टेच ऑफिसात न्या, जो एकातच दिसतो त्यावर भांडू नका. आणि घाटाकडच्या बाजूला पॉइंट विरळ, खाली दाट असा फरक असेल तर एकच इप्सिलॉन दोन्हीकडं पुरणार नाही, तिथं डीबीस्कॅनचाच पुढचा प्रकार एचडीबीस्कॅन घ्या, ते दाटी बदलली तरी सांभाळून घेतं.

त्याआधी एक काम घरी बसून करा, मला वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. फाईल लोकेशनप्रमाणे सॉर्ट करून बघा, एकाच जागेवर दहा-पंधरा नोंदी आहेत का. बऱ्याचदा काय होतं, पोरं शेतात जात नाहीत, पारावर बसून पाच शेतकऱ्यांचं ऐकतात आणि तिथलंच लोकेशन टाकतात. मग तुमचा सगळ्यात घट्ट क्लस्टर गवा आलेल्या शेतावर न येता गप्पा झालेल्या पारावर येतो. तसंच रस्त्याकडेच्या गावांत तुम्ही चार वेळा गेला असाल, आतल्या वाडीत एकदाच, तर आतली वाडी नकाशावर सुखी दिसणार. प्रत्येक गावात किती खेपा झाल्या तो कॉलम जोडा. अल्गोरिदम हे ओळखू शकत नाही, तुम्हीच ओळखू शकता.

आणि मलप्रभा विसरू नका. दोन काठांवरची शेतं सरळ रेषेत 200 मीटरवर असतील पण पुलावरून जायला पाच किलोमीटर. जनावर कुठून उतरतंय हे बघायचं असेल तर सरळ अंतर ठीक आहे, पण राखणीची माणसं कुठं बसवायची हा प्रश्न असेल तर रस्त्याचं अंतरच घ्यायला पाहिजे. अंतरांचा तक्ता आधी तयार करून डीबीस्कॅनला देता येतो, मेट्रिकमध्ये प्रीकंप्युटेड लिहायचं. लंडनच्या 1854 च्या कॉलऱ्याचा नकाशा डॉक्टर जॉन स्नोनं केला, त्याच्या पुढच्या आवृत्तीत त्यानंही हेच केलं, ज्याच्या पाण्यावर त्याचा संशय होता तो ब्रॉड स्ट्रीटचा पंप कुणाला जवळ पडतो ते गल्लीतून चालत जायच्या अंतरानं ठरवून नकाशावर रेघ ओढली.

प्रश्न: आमच्याकडं निपाणी भागात दूध संकलनाच्या 80 जागा आहेत आणि गाड्या 3. डीबीस्कॅन चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: इथं नको. डीबीस्कॅन लांबच्या वस्तीला नॉइज म्हणून सोडून देईल आणि तिथलं दूध कॅनमध्येच नासेल. तुम्हाला एकही जागा सोडायची नाही आणि गटांचा आकडा आधीच ठरलाय, 3. त्यामुळं इथं के-मीन्सच बरं. सुरुवातीचे मध्यबिंदू ते रँडम धरतं, म्हणून निदान दहा वेळा चालवून सगळ्यात कमी एकूण अंतराचं उत्तर घ्या. पण त्याला लिटर कळत नाहीत, एका गाडीवर 1,200 लिटर आणि दुसरीवर 400 असंही करेल. पहिला मसुदा त्याच्याकडून घ्या, मग दोन गटांच्या मधली जी गावं आहेत ती ड्रायव्हरला शेजारी बसवून लिटर आणि रस्ता बघून हातानं इकडची तिकडं करा. पावसाळ्यात कुठला पूल पाण्याखाली जातो हेही त्यालाच विचारा.